सिस्टरबाईंच्या भोपळ्याला नख

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, शेतात कुणीतरी नारिंगी रंगाची मोटार आणून लावलीय आणि दोन चाकांची हवा गेल्यामुळे ती एका अंगावर बसलीय.

माझा स्वभाव तिखटमीठ लावून सांगण्याचा आहे, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हॅलिफॅक्समधल्या पहिल्याच हिवाळ्यात मी सांगलीला फोन करून सांगितलं होतं की इतका बर्फ पडला, इतका पडला, की आम्हाला खिडकीतून चढून बाहेर यावं लागलं. तेव्हा आम्ही बेसमेंटमध्ये राहत होतो आणि खिडकी मुळातच जमिनीला टेकलेली होती, एवढा तपशील राहून गेला. तर अशा माणसाच्या तोंडून हा भोपळा ऐकणार कोण? पण ज्याला मी चिमूटभरही मीठ लावलेलं नाही असा हा एकच प्रसंग. लावायला जागाच शिल्लक नव्हती. भोपळा म्हटलं की लहानपणीची जी गोष्ट आठवते ती तुम्हाला आत्ता आठवली असेल. ती बाजूला ठेवा. हा त्या गोष्टीतही मावला नसता.

ऑक्टोबरचा लाँग वीकेंड होता. सासूबाई कराडहून आमच्याकडे आल्या होत्या. माझी बायको हॉस्पिटलात नोकरीला लागली तेव्हा तिला हाताशी धरून सगळं शिकवणाऱ्या एक सिस्टर होत्या, त्या निवृत्त होऊन आपल्या नवऱ्याच्या शेतावर राहायला गेल्या होत्या. हॅलिफॅक्सपासून तासाभरावर, खोऱ्यातलं छोटंसं गाव. त्यांचा फोन आला: "आईला घेऊन शनिवारी या, मुक्कामाला या. रविवारी माझा भोपळा वजनाला जाणार आहे."

"भोपळा वजनाला जाणार म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. "मंडईत?"

"जत्रेत," मी म्हणालो. "इथे पैलवान नसतात, म्हणून भोपळे उतरवतात."

हायवे सोडून आम्ही उताराला लागलो आणि खोरं समोर पसरलं. दोन्ही अंगांना सफरचंदाच्या बागा. झाडं अशी लगडलेली की फांद्यांना लाकडी टेकू दिलेले, जसं लग्नाच्या पंगतीत जड जेवण झालेल्या काकांना दोन बाजूंनी धरून उठवतात. रस्त्याकडेला एक फळकुटाचं दुकान होतं. सफरचंदं, भोपळे, मधाच्या बाटल्या मांडलेल्या, पैसे टाकायला पत्र्याचा डबा, आणि माणूस कुणी नाही. सासूबाई गाडीतून उतरून दुकानामागे जाऊन बघून आल्या. लपून बसलेलंही कुणी नव्हतं.

"डबासुद्धा नेत नाही कुणी?" त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या मागे वळून त्या डब्याकडे बघत होत्या. डब्याचीच काळजी वाटत होती त्यांना.

पुढे समुद्र दिसायचा होता. मीच सांगून ठेवलं होतं. पण वळण घेतलं आणि समोर मैलभर नुसता तांबडा चिखल. ओला, चकाकणारा, गेरूच्या रंगाचा. लाकडी धक्का उंच खांबांवर हवेत उभा आणि त्याच्या तळाशी, चार मजले खाली, मासेमारीच्या बोटी चिखलात कुशीवर झोपलेल्या.

"अहो जावईबापू, समुद्र कुठाय?"

"गेलाय. येईल संध्याकाळी."

"गेलाय म्हणजे? असा कसा जातो?"

"आई, इथला समुद्र शिफ्टमध्ये काम करतो."

"तू गप गाडी चालव," बायको म्हणाली, आणि आईला समजावून सांगितलं की फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटी असतेच अशी, दिवसातून दोनदा पाणी इमारतीएवढं चढतं आणि तेवढंच उतरतं. सासूबाईंनी मान डोलावली. जावयाच्या संगतीत लेकही थापा मारायला शिकली, असा त्या मान डोलावण्याचा अर्थ होता.

गाव म्हणजे एक पांढरं चर्च, एक अग्निशमन बंबाची शेड आणि एक दुकान, ज्यात पोस्टही होतं आणि गमबूटही मिळत होते. त्यापलीकडे सपाट हिरवी कुरणं, थेट त्या चिखलाच्या काठापर्यंत. ही जमीन मुळात समुद्राचीच. काही शतकांपूर्वी फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी फावड्याने मातीचे बांध घातले आणि भरतीच्या तोंडातला घास काढून घ्यावा तशी ही कुरणं काढून घेतली. आज तिथे गाई चरतात. बांधाच्या अलीकडे गाय रवंथ करते, पलीकडे तिच्या डोक्याच्या वरच्या पातळीला समुद्र येऊन उभा राहतो, आणि गाईला त्याचं काहीही नाही. मी गाडी थांबवून त्या गाईंकडे बघत राहिलो. हॉर्न द्यायला मागे कुणी नव्हतंच.

सिस्टरबाईंचं घर टेकाडावर होतं. बाई उंच, खांदे रुंद, आवाज असा की वॉर्डातले पेशंट औषध न घेताच उठून बसत असतील. नवरा, त्याला मी बुवा म्हणतो, ठेंगणा, टोपी डोळ्यांवर ओढलेला, सावकाश बोलणारा. बसायला सांगायच्या आधीच दोघांनी आम्हाला घराची विभागणी समजावली. घराच्या पूर्वेला बाईंचा भोपळा, पश्चिमेला बुवांचा. मधली सीमा म्हणजे घर. मे महिन्यात बी पेरल्यापासून वजन होईपर्यंत बुवांनी पूर्वेला पाऊल टाकायचं नाही, बाईंनी पश्चिमेला. एकमेकांचा भोपळा केवढा झालाय हे विचारायचंही नाही. जेवायला एकाच टेबलावर, झोपायला एकाच खोलीत, पण भोपळ्याच्या बाबतीत दोन देश.

"किती वर्षं चाललंय हे?" बायकोने विचारलं.

"मी निवृत्त झाल्यापासून," सिस्टरबाई म्हणाल्या. "दर वर्षी हा जिंकतो."

"दर वर्षी," बुवांनी दुजोरा दिला. फार नम्रपणे.

"एकदाही मी याच्या पुढे गेले नाही. गेल्या वर्षी माझा चांगला मोठा होता, पण वजनाच्या आदल्या दिवशी तडकला. तडा पार आतल्या पोकळीपर्यंत गेला की भोपळा बाद. काट्यावर चढवतसुद्धा नाहीत." त्या बुवांकडे न बघता म्हणाल्या, "या वर्षी माझा अखंड आहे."

बुवांनी टोपी आणखी खाली ओढली. मी तेवढ्यावरून ओळखलं की या वर्षी त्यांना धाकधूक आहे.

मग आम्ही पूर्वेला गेलो. बुवा सीमेवर, म्हणजे स्वयंपाकघराच्या पायरीवर, पूर्वेकडे पाठ करून थांबले. वेलाची पानं छत्रीएवढी, आणि मधोमध पांढऱ्या चादरीखाली काहीतरी झोपलेलं. सिस्टरबाईंनी चादर ओढली.

आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. मीसुद्धा. त्याच्या अंगावर सफरचंदाच्या फोडींसारख्या शिरा होत्या, पण एकेक शीर माझ्या मांडीएवढी. आपल्याच वजनाने तो खाली बसला होता, एका बाजूला कललेला, जेवण करून लोडाला टेकलेल्या जहागीरदारासारखा. सालीला गारवा होता. मी कान लावला. का लावला माहीत नाही, पण त्याच्यापुढे उभं राहिलं की कान लावावासा वाटतो. सिस्टरबाई सांगत होत्या: एका वेलाला एकच फळ ठेवायचं, बाकी सगळी कोवळी असतानाच खुडायची. खाली वाळूची गादी. भर उन्हाळ्यात तर एका दिवसात बालवाडीतल्या पोराएवढं वजन चढतं. सकाळी बघितलेला भोपळा संध्याकाळी ओळखू येत नाही.

"म्हणजे बाकीची लेकरं खुडून एकालाच पोसलं?" सासूबाई मला म्हणाल्या. "राजघराण्यात व्हायचं तसं."

मी आणि बायको सिस्टरबाईंचं ऐकण्यात गुंगलो, आणि सासूबाई भोपळ्याला प्रदक्षिणा घालत पलीकडे गेल्या.

आता सासूबाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कराडच्या मंडईत उभा जन्म भाजी घेतलेली ही बाई. दुधी असो, काकडी असो, दोडका असो, अंगठ्याचं नख रुतवून बघितल्याशिवाय पिशवीत टाकणार नाही. नख सहज रुतलं तर कोवळं, नाही रुतलं तर जून. भाजीवाल्या ओरडायच्या, "अहो मावशी, नख लावू नका!" पण ते वाक्य पुरं होईपर्यंत मावशी लावून मोकळ्या झालेल्या असायच्या. त्यात विचार नसतो. नमस्काराला हात जोडावे तसा तो अंगठा जातो.

पलीकडून आवाज आला. "जून आहे गं. भाजीला नाही चालायचा."

आम्ही धावलो. देठाच्या खाली, खांद्यावर, जिथे साल वळते तिथे, चंद्रकोरीसारखी खूण होती, आणि त्या कोरीतून एक थेंब बाहेर येऊन उन्हात चमकत होता.

सिस्टरबाई पुढे झाल्या. त्यांनी वाकून बघितलं. मग गुडघ्यावर बसून बघितलं. मग इतक्या हळू आवाजात विचारलं की मला त्या मोठ्या आवाजाची आठवण येऊ लागली: "तिनं काय केलं?"

"आमच्याकडे भाजी अशी तपासतात," मी म्हणालो.

"तिला हा विकत घ्यायचा होता?"

बायकोने डोळे मिटून घेतले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं? एवढं काय झालं?"

बायकोने सांगितलं. हा खायचा नाही. हा उद्या काट्यावर चढणार. उद्या उचलताना याच्या सालीवर सगळा भार येणार, आणि कुठे कच्ची जागा असली तर तिथूनच तडा जातो. आणि ओली जखम आत कुजायला लागली तर वेगळंच. गेल्या वर्षी गेला, तसाच हाही जाईल.

सासूबाईंनी तो अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत झाकून घेतला. "बाईनं पाच महिने पोटच्या पोरासारखं वाढवलं," त्या म्हणाल्या, "आणि मी आले नि नख लावलं." मग लगेच, "हळद आण गं. घरात हळद असेल ना यांच्या? दाबून भरू."

मी ते सिस्टरबाईंना सांगितलं. त्या उसळल्याच. जखमेत बाहेरचं काहीही भरलेलं दिसलं तर तपासनीस भोपळा जागच्या जागी बाद करतो. हळद नाही, मेण नाही, काही नाही. जखम फक्त कोरडी ठेवायची, आपली आपण बंद होऊ द्यायची. आणि त्यापुढे त्या म्हणाल्या, "तुझ्या सासूला सांग, उद्या हा तिथून फाटला तर काट्यावर मी तिलाच बसवीन, आणि वर देठ म्हणून तुला."

"काय म्हणाल्या?"

"काळजी करू नका म्हणाल्या."

"एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंच मराठी?"

तेवढ्यात पायरीवरून बुवांचा आवाज आला. "येऊ का?"

सिस्टरबाईंनी मान वर केली. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये."

बुवा सीमा ओलांडून आले. काखेत टेबलफॅन, हातात हेअर ड्रायर, खांद्यावर एक्स्टेन्शन कॉर्डचं वेटोळं. पश्चिमेला त्यांनी हे सगळं कधीपासून तयार ठेवलं असणार. भोपळ्याच्या समोर आल्यावर मात्र त्यांची पावलं अडली. पाच महिन्यांत त्यांनी तो पहिल्यांदा बघितला होता. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"बरा आहे," ते म्हणाले.

त्या 'बरा'मध्ये मला पराभवाचा वास आला. पण माणूस खाली बसला आणि फॅनचा वारा नेमका त्या कोरीवर यावा म्हणून फॅनखाली विटा रचायला लागला.

सासूबाईंनी खुर्ची मागितली. कुणी नको म्हणायच्या आत त्या फॅनशेजारी बसल्याही. नऊवारी नव्हे, पण साडी. वर माझं हिवाळ्याचं जाकीट, डोक्याला लोकरी टोपी, पायात सिस्टरबाईंचे गमबूट. वाऱ्याने पान उडून जखमेवर आलं की त्या ते उचलायच्या. माशी आली की हाकलायच्या. मी चहाला बोलावलं तर म्हणाल्या, "तुम्ही जा. मी याला सोडून येत नाही." थोड्या वेळाने सिस्टरबाई स्वतःच दोन मग घेऊन गेल्या आणि दुसरी खुर्ची टाकून शेजारी बसल्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. मी खिडकीतून बघितलं तर दोघी बोलत होत्या. आळीपाळीने, मान डोलावत, जणू सगळं कळतंय. काय बोलल्या ते आजतागायत दोघींनी सांगितलेलं नाही.

बुवा मला म्हणाले, "चल, पाणी येतंय."

आम्ही बांधावर गेलो. ऊन कलतं होतं आणि चिखल तांब्याच्या परातीसारखा लखलखत होता. आधी काहीच दिसेना. नुसता आवाज, दूरवर कुणीतरी लांबच लांब रेशमी कापड फाडतंय असा. मग क्षितिजाशी एक पांढरी रेघ हलली. ती रेघ चालायला लागली. चिखलातले सुके ओहोळ एकेक करून उलटे वाहू लागले. उताराकडून चढाकडे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती तांबूस धार आमच्या पायांखाली बांधाला भिडली आणि चढायला लागली, दम न खाता, घाई न करता. दूरच्या धक्क्यापाशी कुशीवर झोपलेल्या बोटी आधी थरथरल्या, मग एक एक करून उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरून रानहंसांची रांग ओरडत दक्षिणेला गेली. मागे वळून बघितलं तर कुरणातल्या गाई आमच्याहून खाली आणि समुद्र आमच्या शेजारी.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी उपमा सुचायला हव्यात. एक सुचली नाही. मी इतका वेळ गप्प होतो की बुवांनी विचारलं, बरं वाटतंय ना?

मग मीच विचारलं, "दर वर्षी बायकोला हरवताना काही वाटत नाही?"

"वाटतं ना. मजा वाटते." ते पाण्याकडे बघत होते. "खोटं कशाला बोलू? फार मजा वाटते. हिवाळाभर पुरते."

"मग आज फॅन कशाला आणलात?"

"ती हरली पाहिजे ती माझ्या भोपळ्यानं," बुवा म्हणाले. "तुझ्या सासूच्या नखानं नाही. ती मजा मला नको."

रविवारी सकाळी कोर सुकलेली होती. बारीक, तपकिरी, खपली धरल्यासारखी. सिस्टरबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. गावातले आठ-दहा जण आले होते. तिथली रीतच ती: भोपळा उचलायचा दिवस म्हणजे सगळ्यांनी यायचं, बोलावणं लागत नाही. भोपळ्याभोवती जाड पट्ट्यांचं जाळं बसवलं, दूधदुभत्याचं मडकं टांगायच्या शिंक्यासारखं, फक्त या शिंक्यात हत्तीचं पिल्लू बसलं असतं. ट्रॅक्टरचा लोखंडी हात वर आला. पट्ट्या ताणल्या. भोपळ्याने कण्हल्यासारखा आवाज केला.

सिस्टरबाईंनी नवऱ्याचा दंड पकडला. सासूबाईंनी सिस्टरबाईंचा. मला धरायला कुणी उरलं नव्हतं म्हणून मी देवाला धरलं.

जमीन सुटली. वाळूच्या गादीत त्याच्या आकाराचा हौद उरला. तो हवेत हलकेच फिरला, सगळ्यांना पाठ दाखवली, पोट दाखवलं, आणि खांद्यावरची कोर आमच्यासमोर येऊन थांबली. एक पट्टी बरोबर तिच्या शेजारून गेली होती. बुवा ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "हळू. आणखी हळू. त्याहून हळू." पिकअप ट्रकमध्ये गवताच्या गादीवर तो बसला तेव्हा ट्रकची मागची चाकं दबली आणि सगळ्या गावाने एकदमच श्वास सोडला.

बुवांचा भोपळा दुसऱ्या ट्रकमध्ये. वाटेत बुवांचा ट्रक पुढे जाऊ लागला तर सिस्टरबाईंनी खिडकीतून डोकं काढून तो अडवला. दोन्ही भोपळे शेजारच्या गावच्या मैदानात बैलगाडीला लाजवील अशा चालीने पोचले.

मैदानात मांडलेले भोपळे बघून मला खाली बसावं लागलं. त्या दोघांच्या दुप्पट मोठे दोन-तीन होते. खरंच सांगतो. एकाच्या आडोशाला एक कुटुंब सँडविच खात बसलं होतं. म्हणजे आमच्या सिस्टरबाई काय नि बुवा काय, बक्षिसाच्या जवळपासही जाणार नव्हते. मी हे बायकोच्या कानात सांगितलं.

"त्यांना कुठे बक्षीस हवंय?" बायको म्हणाली. "बघ ना."

खरोखर, त्या अवाढव्य भोपळ्यांकडे दोघांपैकी कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. ती याच्या भोपळ्याकडे बघत होती आणि तो तिच्या.

तपासनीस आला. बारकेला माणूस, गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा, हातात टॉर्च आणि छोटा आरसा. प्रत्येक भोपळ्याभोवती फिरायचा, आरसा खाली सारून पोट बघायचा. सिस्टरबाईंच्या भोपळ्याच्या खांद्यापाशी तो थांबला. चष्मा लावला.

"हे काय?"

"नख," सिस्टरबाई म्हणाल्या.

"कुणाचं?"

मी भाषांतर करायच्या आत सासूबाईंनी हात वर केला. अंगठा पुढे करून. पोलिसात पंचनाम्याला दाखवावा तसा.

तपासनिसाने तो अंगठा बघितला, कोर बघितली. टॉर्च टेकवून, डोळा लावून, बोटाने दाबून बराच वेळ बघितलं. मैदानात बँड वाजत होता, पोरं ओरडत होती, पण आमच्यापुरतं सगळं बंद पडलं होतं. सिस्टरबाई ताठ उभ्या होत्या. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर इतरांना धीर देण्यात हयात गेलेली बाई, आणि आज स्वतःच नातेवाइकांच्या बाकावर.

"कोरडं आहे," तो शेवटी म्हणाला. "सालीतच आहे. चढवा काट्यावर."

सासूबाईंना ते मराठीत सांगावं लागलं नाही.

आधी बुवांचा चढला. आकडा पुकारला गेला, बुवांनी टोपीला हात लावला. मग बाईंचा. काट्याचे लाल आकडे पळत पळत वर गेले, बुवांच्या आकड्यापाशी येऊन रेंगाळले, थरथरले, आणि एखादी गृहिणी वाण्याकडून घरी नेईल एवढ्या पिशवीभर वजनाने पुढे जाऊन थांबले.

बुवा पुढे आले. "काटा पुन्हा तपासा," त्यांनी मागणी केली.

तपासला. तेवढाच. पाचवा नंबर सिस्टरबाईंचा, सहावा बुवांचा. पाचव्या नंबरावर इतका आरडाओरडा त्या मैदानाने कधी ऐकला नसेल. त्यातला निम्मा सासूबाईंचा होता. पहिल्या नंबरवाला आपलं बक्षीस हातात धरून आमच्याकडे बघत राहिला, आपलं काही चुकलं का म्हणून.

आठवडाभर भोपळा मैदानात मांडून ठेवला होता. मग तो शेतावर परत आला आणि बी काढायला आम्हाला बोलावणं आलं. सासूबाईंना, खरं तर. आम्ही गाडी चालवायला. या लोकांचं सगळं धन बियांत. जिंकलेल्या फळाचं बी म्हणजे पुढच्या वर्षीची आशा.

सिस्टरबाईंनी मोठी करवत उचलली आणि सासूबाई आडव्या आल्या. "बाईनं भोपळ्याला पहिला घाव घालायचा नाही. आधी पुरुषानं चिरायचा, मग बाईनं."

"का?" सिस्टरबाईंनी माझ्यामार्फत विचारलं.

"का ते माहीत नाही. पण घालायचा नाही."

बुवा आशेने पुढे सरकले. सिस्टरबाईंनी करवत छातीशी धरली. "इतकी वर्षं वाट बघितलीय मी. याला हात लावू देणार नाही."

मी तेही सांगितलं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मग पाठ फिरवून समुद्राकडे तोंड केलं. "मी काही बघितलं नाही," त्या म्हणाल्या. करवतीचा आवाज संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

झाकण निघालं. वास आला, पहिल्या पावसाचा नाही, विहिरीचाही नाही, काकडी आणि ओली माती यांच्या मधला कुठला तरी. मी डोकं आत घातलं. केशरी घुमट होता. वरून येणारा उजेड भिंतींवरून ओघळत होता, छतापासून जाड दोऱ्यांच्या झालरी लोंबत होत्या, आणि त्या झालरींत बदामाएवढ्या बिया शेकड्यांनी टांगलेल्या. मी हळूच 'ओ' केलं. आतून माझाच आवाज इतका भारदस्त होऊन परत आला की मी चटकन डोकं बाहेर काढलं.

दोघी बायका कोपरापर्यंत हात बरबटून बिया काढत होत्या आणि चादरीवर पसरत होत्या. बुवा चादरीच्या कडेला उभे. टोपी काढून, उलटी करून, हातात धरलेली.

"एक दे," ते म्हणाले.

सिस्टरबाईंनी वर बघितलंच नाही. "मोठा भोपळा कुणाचा?"

"तुझा," बुवा पुटपुटले.

"शेजाऱ्याला ऐकू गेलं नाही."

शेजारी अर्ध्या मैलावर होता. बुवांनी आमच्याकडे बघितलं, मी आकाशाकडे. मग माणूस सरळ ट्रॅक्टरवर चढला, सीटवर उभा राहिला, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ज्या आवाजात त्याने आयुष्यात कधी गाईलाही हाक मारली नसेल त्या आवाजात ओरडला, "या वर्षी तिचा मोठा!"

खाली कुरणात गाईंनी माना वर केल्या. दूरवर शेजाऱ्याच्या अंगणात एक ठिपका थांबला आणि त्याने हात हलवला.

"आता ये," सिस्टरबाई म्हणाल्या, आणि टोपीत ओंजळभर बिया टाकल्या.